अंगणातले दोन डास आणि एक खड्डा

कुंभार पिंपळगावच्या एखाद्या गल्लीत सकाळी आठच्या सुमारास उभे राहिले, की प्रत्येक घराशी दोन प्रकारचे पाणी दिसते. एक घरात येते, दुसरे घरातून बाहेर पडते. येणारे पाणी रांजणात, ड्रममध्ये, सिमेंटच्या हौदात भरून ठेवले जाते. ते उद्या येईल, परवा येईल की आठ दिवसांनी, याचा भरवसा नसतो. बाहेर पडणारे पाणी न्हाणीच्या भोकातून निघते, भिंतीच्या कडेने वाहते आणि रस्त्यावर जाऊन थांबते. घनसावंगी तालुक्यातलेच नव्हे, सगळ्या मराठवाड्यातले हे चित्र आहे.

पावसाळा सरत आला, की घरात कुणाला तरी ताप येतो. डेंग्यूचा अहवाल हाती पडला, की घरातल्या सगळ्यांचे बोट रस्त्यावरच्या त्या काळ्या पाण्याकडे जाते. ग्रामपंचायतीला बोल लावला जातो, धुरळणीची मागणी होते, गटारात पावडर टाकली जाते. आणि डेंग्यूचा डास मात्र घरातच, रांजणाच्या आतल्या काठाला अंडी चिकटवत बसलेला असतो.

डासांबद्दल लोकांना खूप माहिती असते, फक्त एक गोष्ट निसटते. सगळे डास एका पाण्यातले नसतात. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास साठवलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याच्या अंगापायावर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो. सांडपाण्यात, शौचालयाच्या टाकीत आणि तुंबलेल्या नालीत वाढतो तो क्युलेक्स. हा रात्री कानाशी गुणगुणतो, झोप उडवतो, आणि हत्तीरोगाचे जंतू असलेल्या भागात तो रोगही पसरवतो. हिवतापाचा अ‍ॅनाफिलिस तिसराच. म्हणून अंगणातले काम एक नाही, दोन आहेत. सांडपाणी जमिनीत जिरवणे हे एक, आणि साठवणीचे भांडे सांभाळणे हे दुसरे. पहिले करून दुसरे सोडले तर रात्रीची झोप चांगली लागते, पण डेंग्यू जात नाही.

ही दोन्ही कामे घरच्या माणसांनी कुदळ, फावडे आणि घासणी घेऊन करण्यासारखी आहेत, आणि घरच्यांनी डास कमी करण्याचा इतिहास तसा जुना आहे. हिवताप डासामुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांचे काम १८९७ साली सिकंदराबादला झाले. तेव्हा जालनाही त्याच निजामी राज्यात होते. पण त्याच्या बरेच आधी, १८८३ साली, बंगळुरूला लष्करी डॉक्टर म्हणून नेमणूक असताना रॉस यांना आपल्या बंगल्यातल्या डासांनी हैराण केले होते. खिडकीबाहेर पाण्याचे एक पिंप होते. त्यात अळ्या वळवळताना दिसल्या. त्यांनी पिंप उलटे केले आणि खोलीतले डास बरेच कमी झाले. भोजनगृहातल्या फुलदाण्या आणि भांडीही अशीच रिकामी करावीत, असे त्यांनी एका अधिकाऱ्याला सुचवले, तर त्याने ते धुडकावून लावले. पुढे नोबेल मिळवणाऱ्या माणसाचेही कुणी ऐकले नाही, तेव्हा गावोगाव फिरून भांडी रिकामी करायला सांगणाऱ्या आशाताईंनी फार वाईट वाटून घेऊ नये.

काळ्या मातीची परीक्षा

आधी बाहेर जाणाऱ्या पाण्याचे पाहू. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर होते. पिण्यात आणि स्वयंपाकात थोडेच संपते. आंघोळ, कपडे आणि भांडी यांतून दीड-दोनशे लिटर रोज बाहेर पडते. नळ घरात आला, हे चांगलेच झाले. पण त्या पाण्याला पुढे वाट कुठली, हा प्रश्न नळासोबत घरात येतो.

या वाटेचे उत्तर मराठवाड्यातच शोधले गेले आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले, गल्लीतले सांडपाणी नाहीसे झाले आणि डास इतके घटले, की पुढे नांदेड जिल्हा परिषदेने हीच पद्धत इतर गावांत नेली. लोक तिला ‘मॅजिक पिट’ म्हणू लागले, सरकारी कागदावर ती ‘नांदेड पॅटर्न’ झाली. यात जादू काही नाही. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. त्यात मधोमध एक सिमेंटची टाकी, तिला वरच्या बाजूला चारी अंगांनी भोके. टाकीच्या खाली आणि भोवती दगड. न्हाणीचे पाणी पाइपाने टाकीत पडते, गाळ तळाला बसतो, वरचे निवळ पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत जाते. वर झाकण. पाणी उघड्यावर कुठेच नसल्याने डासाला अंडी घालायला जागा उरत नाही.

हे ऐकून उत्साहाने खड्डे खणले जातात, आणि त्यांतले काही दुसऱ्याच पावसाळ्यात तुंबतात. मग ‘आपल्याकडे हे चालत नाही’ असा निकाल लागतो. खड्ड्याचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा मातीची परीक्षा न करताच खड्डा खणलेला असतो.

गोदावरीच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला आणि उसाला उत्तम, शोषखड्ड्याला अवघड. ती ओली झाली की फुगते, तिच्यातली बारीक छिद्रे मिटतात आणि पाणी वरच्या वर राहते. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मे महिन्यात खड्ड्यात बादली ओतली तर पाणी गटकन नाहीसे होते आणि घरधनी खूश होतो. ते पाणी मातीत मुरलेले नसते, भेगेत गेलेले असते. श्रावणात भेग बुजली की खड्डा हौद बनतो.

म्हणून परीक्षा पावसाळ्यातच करावी. ती सोपी आहे. जिथे खड्डा करायचा तिथे जेवढे खोल जायचे तेवढे आधी पहारीने नाहीतर गिरमिटाने चाचपून पाहावे, आणि तळाशी फूटभर खोल भोक पाडावे. ते पाण्याने भरून रात्रभर ठेवावे, म्हणजे माती पोटभर पाणी पिऊन घेते. सकाळी पुन्हा भरावे, आत एक काडी उभी करून पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि तासाभराने पाहावे. पाणी एक इंचही उतरले नसेल तर त्या थरात खड्डा करू नये. बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीखाली मुरूम लागतो. मुरमात पाणी चांगले जिरते, तेव्हा चार फुटांचा हट्ट न धरता मुरूम लागेपर्यंत खाली जावे. नदीकाठच्या गावांत काळी माती फार खोल असते. तिथे खड्ड्याचा नाद सोडून पाणी झाडांकडे वळवणेच शहाणपणाचे; त्याबद्दल पुढे.

हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. चार बाय चार बाय चारचा खड्डा म्हणजे चौसष्ट घनफूट, साधारण अठराशे लिटर. दगड भरल्यावर मोकळी जागा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे सहाशे लिटर. रोज दोनशे लिटर पाणी जात असेल आणि माती काहीच पीत नसेल, तर चौथ्या दिवशी पाणी अंगणात येणार. खड्डा चालतो तो त्याच्या आकारावर नाही, भोवतीच्या मातीवर.

जागा निवडताना पिण्याच्या पाण्याचा आड किंवा बोअर निदान पन्नास फूट लांब असावा. घराच्या पायालगत खड्डा नको. काळी माती फुगते-आकसते तशी भिंत तडकते, आणि जुन्या माळवदाच्या मातीच्या भिंतीला तर ओल मुळीच सोसत नाही. शौचालयाचे पाणी यात सोडायचे नाही. त्याची व्यवस्था वेगळी.

सिमेंटच्या टाकीला पैसे नसतील तर त्याहून जुनी युक्ती आहे. गावाच्या नावातच कुंभार असलेल्यांना ती आवडावी. खड्ड्याच्या तळाशी मोठे डबर, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर खडी असे थर भरत आणावेत. वर तोंडाशी एक जुना, पाझरून पाझरून निकामी झालेला माठ बसवावा. त्याच्या बुडाला पाच-सहा भोके पाडावीत आणि आत नारळाच्या शेंड्या नाहीतर गवताचा चुंबळा कोंबावा. न्हाणीचे पाणी आधी या माठात पडते. केस, साबणाचा फेस, भाताची शिते, तेलकट थर हे सगळे शेंड्यांत अडकते. आठ-पंधरा दिवसांनी शेंड्या काढून दुसऱ्या घालाव्यात. भोवतीच्या दगडांवर खताची रिकामी पोती अंथरून मग माती ओढावी, म्हणजे माती दगडांत उतरत नाही. माठावर फरशीचा तुकडा झाकण म्हणून ठेवायला विसरू नये. उघडा माठ हे क्युलेक्सचे पाळणाघरच.

शोषखड्डा मरतो तो बहुतेक चिकटा साचून. भांड्यांचे खरकटे मोरीतून सरळ खड्ड्यात गेले तर दोन वर्षांत दगडांवर तेलाचा थर बसतो. खरकटे आधी वेगळे काढून घासायला घेणे हे घरातल्या बाईला सांगावे लागत नाही. ते घरातल्या इतरांना सांगावे लागते.

रोजगार हमी योजनेतून वैयक्तिक शोषखड्ड्याला मदत मिळते. खणायच्या आधी ग्रामपंचायतीत ग्रामरोजगार सेवकाला विचारून घ्यावे. आधी खणून मग मागितले तर अडचण होते.

भरलेला रांजण

आता घरात आलेले पाणी. हे काम खड्ड्यापेक्षा लहान दिसते, पण अवघड हेच आहे.

एडिसची मादी पाण्यात नव्हे, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी मरत नाहीत. काही महिने तशीच तग धरतात आणि पाणी पुन्हा वर चढले की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगितले जाते. सांगणारे मात्र एक विसरतात. ज्या घरात आठ दिवसांनी पाणी येते, तिथे रांजण ओतून द्या असे म्हणणे म्हणजे ताटातली भाकरी फेकून द्या म्हणण्यासारखे आहे. टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या बाईला हे सांगितले, की ती मान हलवते आणि रांजण तसाच ठेवते. तिचे चुकत नाही. सूचना अर्धी दिलेली असते.

पाणी ओतून द्यायची गरजच नाही. ज्या दिवशी नळ किंवा टँकर यायचा त्याच्या आदल्या संध्याकाळी रांजणात पाणी सर्वात कमी असते. तोच कोरडा दिवस ठरवावा. उरलेले पाणी दुहेरी कपड्यातून गाळून हंड्यात काढावे. अळ्या कपड्यावर राहतात, तो कपडा पाण्यात न झटकता कोरड्या जमिनीवर उन्हात झटकावा. मग रांजणाची आतली भिंत घासावी, आणि ती काठापासून खालीपर्यंत, जोर लावून. नुसते विसळून अंडी निघत नाहीत. खरखरीत घासणी, नारळाची शेंडी, राख, जे असेल ते चालते. मातीच्या रांजणाचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने त्याला प्लास्टिकच्या ड्रमपेक्षा जास्त घासावे लागते. घासलेले पाणी नालीत नको, मातीवर ओतावे. मग भरावे आणि वर कापड ताणून सुतळीने किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधावे. वर ताट झाकले आणि एका बाजूला बोटभर फट राहिली, तर मादीला तेवढी पुरते.

घासायला न येणारा मोठा हौद असेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. हे मासे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा हिवताप विभागाकडे मिळतात. शौचालयाच्या टाकीच्या हवेच्या पाइपाला वरच्या टोकाशी जाळी किंवा नायलॉनच्या कापडाचा तुकडा बांधावा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्या एका पाइपातून रोज संध्याकाळी निघणारे क्युलेक्स थांबतात.

आणि बाग? घरच्या घरी बाग करण्याच्या युक्त्या हल्ली मोबाइलवर भरपूर दिसतात. जुन्या टायरला रंग देऊन त्यात झाड, प्लास्टिकच्या बाटलीत मनी प्लांट, कुंडीखाली बशी, टबात कमळ. दिसायला सुंदर, पण टायरच्या आतल्या खोबणीत साठणारे पाणी एडिसला जितके आवडते तितके दुसरे क्वचित काही आवडत असेल. टायर वापरायचाच असेल तर त्याला खाली चार-पाच मोठी भोके पाडावीत आणि आतली पोकळी मातीने ठासून भरावी. बशी काढून टाकावी किंवा वाळूने भरावी. बाटलीतल्या झाडाचे पाणी आठवड्याला बदलताना बाटली आतून घासावी. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळालाही हाच नियम. पुण्य कमी होत नाही.

सांडपाण्यावरची परसबाग

काळी माती पाणी जिरवत नसेल, तर झाडे ते पितात. केळी, पपई, शेवगा, कर्दळ, अळू, लिंबू ही झाडे आंघोळीच्या आणि कपड्यांच्या पाण्यावर चांगली येतात. पाणी रोज एकाच आळ्यात सोडू नये. दोन-तीन आळी करून त्यांत फिरवत ठेवावे, म्हणजे मुळे कुजत नाहीत आणि कुठे डबके राहत नाही. सांडपाणी साठवून उद्या घालू असे करू नये. दिवसभरात त्याला वास सुटतो. कपड्यांच्या पावडरीतला सोडियम काळ्या मातीला फार मानवत नाही. ती घट्ट, चिकट होत जाते. म्हणून वर्षातून दोनदा आळ्यात शेणखत, पालापाचोळा मिसळावा.

एक पथ्य मात्र कडक. कच्ची खायची भाजी, म्हणजे कोथिंबीर, पुदिना, मुळा, गाजर, कांद्याची पात, सांडपाण्यावर लावू नये. अळू शिजवून खातात, पण कापल्यावर दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावा. कच्च्या खायच्या भाज्यांसाठी चार हातांचा एक वेगळा वाफा चांगल्या पाण्यावर ठेवावा. तिथे पाणी वाचवायला मडके पुन्हा उपयोगी पडते. न भाजलेले नव्हे, नीट भाजलेले पण सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, की भोवतीच्या वेलाला ते झिरपून हवे तेवढेच पाणी देते. त्याच्या तोंडावर परळ झाकायचा, हे आता सांगायला नको.

ही बाग केवळ हौसेची नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळले. लोहाच्या गोळ्या लागतातच, परसबागेने त्या बंद होत नाहीत. पण बाजरीच्या भाकरीवर किंवा वरणात घरच्या झाडाचे लिंबू पिळले तर धान्य-भाजीतले लोह अंगी जास्त लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागते. शेवग्याची शेंग सगळ्यांना ठाऊक आहे. कोवळ्या पाल्याची भाजी अजून फार घरांत होत नाही. राज्याच्या ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांकडून पोषण परसबागेची माहिती मिळते.

पपईचे झाड लावले की एक गोष्ट ओघाने येते. डेंग्यूत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांचा कडू रस पाजतात. त्याने जीव वाचतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि आधीच उलट्या होणाऱ्या मुलाला त्याने आणखी उलट्या होतात. डेंग्यूत खरी गरज असते ती पाण्याची. ओआरएस, पेज, ताक, शहाळे, जे पोटात टिकेल ते थोडे थोडे सतत द्यावे. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची औषधे नकोत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि सर्वात फसवी वेळ ताप असतानाची नसते. ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि नेमके तेव्हाच काहींचे रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू लागते. पोटात जोराने दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, मूल सुस्त पडणे यांपैकी एकही दिसले तर रात्र असो की पाऊस, दवाखान्यात न्यावे. प्लेटलेटचा आकडा घरी बसून मोजत राहू नये.

खड्डा खणायला दिवाळीनंतरचे दिवस बरे. माती मऊ असते, ऊन सोसते, दोन माणसांचे एक-दोन दिवसांचे काम होते. त्यासाठी परसातला जुना विटांचा, डबरांचा ढीग उपसला जातो, आणि त्याखाली विंचू असतो. काठीने ढीग आधी हलवावा, पायात बूट असावेत, दगड उचलताना त्याच्याखाली बोटे घालू नयेत. लाल विंचू चावल्यावर नुसती आग होत असेल तर घाबरू नये. पण घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर विष हृदयावर जाते आहे असे समजावे. या दंशावर प्राझोसिन हे औषध प्रभावी आहे, हे महाडला काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये मांडले आणि कोकणातले असंख्य जीव वाचले. ते मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. दंशाच्या वर दोरी आवळू नये, चिरा देऊ नये. सरळ सरकारी दवाखाना गाठावा. कुदळीचा, पत्र्याचा किंवा खिळ्याचा घाव झाला तर साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवावे. दहा वर्षे उलटली असतील, आणि घाव मातीचा, खोल असेल तर पाचच, तर त्याच दिवशी घ्यावे. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते.